चार रविवार, बारा मुलं, पंधरा सुया: पाडव्याआधीचं शिवणकाम

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना गुढीपाडव्याआधी हाताने शिवायला शिकवायचं ठरलं, तेव्हा आधी माहिती शोधली. तयार वस्तूंचे सुंदर फोटो भरपूर मिळाले, मोठ्यांसाठीची मापंही मिळाली. पण आठ वर्षांच्या हाताला कोणती सुई द्यायची, बारा बटव्यांना किती कापड लागतं, हॉलची परवानगी किती दिवस आधी मागायची, हे कुठेच नव्हतं. म्हणून सगळं जसं घडलं तसं, तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगते. चार रविवारांत जिथे जिथे काम अडलं, तिथे दहापैकी नऊ वेळा दोष कापडाचा, सुईचा किंवा दोऱ्याच्या लांबीचा होता. टाका बिघडला की मुलाकडे बघायच्या आधी त्याच्या हातात आपण काय दिलंय ते बघायचं.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला. अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच लगेच घ्यायची, कारण पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. अर्जात तारखा (२, ९, १६ आणि २३ मार्च, चारही रविवार), वेळ ४ ते ६.३०, मुलांची संख्या आणि जबाबदार दोघींची नावं होती. कमिटीची बैठक ९ तारखेला होती. त्या बैठकीतून अर्ज मंजूर न होता तीन प्रश्न घेऊन परत आला: इस्त्री वापरणार का, विजेचे पैसे कोण देणार, आणि ‘फी’ घेणार म्हणजे हा व्यवसाय आहे का?

प्रश्न रास्त होते. पहिल्याच अर्जात उत्तरं असती तर आठवडा वाचला असता. ११ तारखेच्या दुसऱ्या पत्रात ‘फी’ काढून ‘साहित्यखर्च’ लिहिलं, सोबत खर्चाचा अंदाज जोडला आणि शेवटी पै-पैचा हिशोब नोटीस बोर्डवर लावू असं लिहून दिलं. इस्त्री घरूनच करून आणू म्हटल्यावर विजेचा मुद्दा मिटला. १७ तारखेला लेखी परवानगी आली. हॉलचे दर रविवारी ५०० रुपये, २,००० रुपये अनामत चेकने, आणि प्रत्येक मुलामागे पालकाची सही. पालकांच्या कागदावर दोन ओळी जास्त घालून घेतल्या: मूल सुई आणि कात्री वापरणार आहे याची कल्पना आहे, आणि मूल डावखुरं आहे का. दुसरी ओळ पुढे फार उपयोगी पडली.

नावं चौदा आली होती. एका सोसायटीत तीन बोर्डांची मुलं, त्यामुळे मार्चमध्ये सगळ्यांना मोकळा असा रविवार सापडतच नाही. दोन मुलं परीक्षेमुळे गळली आणि बारा राहिली, वय ८ ते १३. दोघींना सांभाळायला बारा हीच वरची मर्यादा. नवखं मूल पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी मदत मागतं. पंधरा झाली की निम्मी मुलं नुसती वाट बघत बसतात.

खरेदी २२ फेब्रुवारीच्या शनिवारी केली. मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत गेलो. कापड मंगलदासमध्ये, नाडी, मणी आणि लेस भुलेश्वरला, फेल्ट आणि इतर किरकोळ सामान अब्दुल रेहमान स्ट्रीटवर. एवढंच कापड दादरला हिंदमातालाही मिळतं. नाडी-मण्यांची फेरी तेवढी वेगळी करावी लागते.

कापडाच्या दुकानात शिरण्याआधी पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशोब कागदावर हवा. एका बटव्याला ७ इंच बाय १० इंचांचे दोन तुकडे, म्हणजे बारा बटव्यांना चोवीस. ४४ इंची पन्ह्यात आडवे सहा तुकडे बसतात, चार ओळी लागतात, म्हणजे ४० इंच. सव्वा मीटर घेतलं की धुतल्यावर आटूनही पुरतं. तेच कापड ३६ इंची पन्ह्याचं असेल तर आडवे पाचच बसतात, पाच ओळी होतात आणि दीड मीटर लागतं. आम्ही ४४ इंची सुती पॉपलीन दोन रंगांत सव्वा-सव्वा मीटर घेतलं, ११० रुपये मीटरने. एक रंग लागणार होता, दुसरा चुकांसाठी. त्यातलं अर्धं वापरलं गेलं. शिवाय सरावासाठी मॅटी (मोठ्या छिद्रांचं, चौकड्यांच्या विणीचं भरतकामाचं कापड) एक मीटर, मांजरपाट दोन मीटर, फेल्टचे तीस ताव आणि सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्याच्या चोवीस लड्या.

सॅटीन, जॉर्जेट आणि कोणतंही ताणलं जाणारं होजियरी कापड मुलांना पहिल्या वर्षी देऊ नये. सॅटीन बोटांतून निसटतं आणि होजियरी टाक्यागणिक लांबत जाते. रेषेवर शिवूनही तुकडा वाकडा येतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

सुयांच्या नंबरांत गोंधळ हमखास होतो. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. मशीनच्या सुईचं उलटं: १६ नंबर १४पेक्षा जाड. ‘मोठ्या नंबरची द्या’ असं सांगितलं तर नको ती सुई हातात येते. मॅटीसाठी बोथट टोकाची २० नंबरची घेतली, पॉपलीनसाठी भरतकामाची ५ नंबरची. या सुईचं नाक लांबट असतं, त्यामुळे दोरा ओवायला सोपी जाते. लहान मुलांना आखूड, बारीक सुई द्यावी असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती त्यांच्या चिमटीत सापडत नाही आणि टोचतेही जास्त.

२३ फेब्रुवारीला कापड धुतलं. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, म्हणून थोडं सविस्तर. नव्या पॉपलीनला खळ असते. खळ असलेल्या कापडात सुई शिरताना बारीक ‘टप्’ असा आवाज येतो आणि ती पार करायला अंगठा दाबावा लागतो. मोठ्यांना ते जाणवतही नाही. मुलाचं बोट मात्र वीस टाक्यांत लाल होतं. तासभर कोमट पाण्यात भिजवून, थोड्या साबणाने धुऊन, सावलीत वाळवलं की तेच कापड मऊ पडतं. धुण्याआधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघावा, रंग जातो का. आमचं लाल गेलं, म्हणून ते वेगळं धुतलं. अर्धवट ओलं असतानाच इस्त्री केली. पूर्ण वाळलं की चुण्या जात नाहीत आणि खडूची रेघ सरळ येत नाही.

तुकडे कात्रीने कापण्याऐवजी फाडले. काठाशी अर्धा इंच चीर द्यायची, दोन्ही बाजू धरायच्या आणि ओढायचं. पॉपलीन धाग्याच्या सरळ रेषेत फाटतं, त्यामुळे तुकडा आपोआप काटकोनात येतो. कात्रीने कापलेला तुकडा तिरका गेला तर बटवा शिवल्यावर पिळवटतो, आणि तेव्हा तो सुधारता येत नाही.

२ मार्च, पहिला रविवार. दुपारी चारला प्रत्येक मुलाला मॅटीचा ६ इंची चौकोन, बोथट सुई आणि तीन पदरी दोरा दिला. सहा पदरांतले तीन वेगळे करताना एका वेळी एकच पदर उपसायचा आणि मग तीन एकत्र ठेवायचे. तिन्ही एकदम ओढले तर खाली गुंता होतो. दोऱ्याची लांबी मुलाच्या स्वतःच्या दीड हाताएवढी. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सगळ्यांना लांब दोरा हवा असतो, पुन्हा ओवायला नको म्हणून. पण लांब दोरा हाताच्या पल्ल्याबाहेर जातो, स्वतःभोवती पीळ घेतो आणि गाठी पडतात. ज्यांनी दोन हातांपेक्षा जास्त घेतला त्यांचा दहा मिनिटांत अडकला.

दोरा ओवताना टोक तिरपं कापायचं आणि ओलं करून बोटांत दाबून चपटं करायचं. तरीही आठ-नऊ वर्षांच्या चौघांना जमेना. त्यांच्यासाठी दोरा ओवायची तार ठेवली होती. ती सगळ्यांनाच द्यावी, त्यात कमीपणा काही नाही. गाठीसाठी तर्जनीच्या टोकाभोवती एक वेढा घ्यायचा, अंगठ्याने तो पुढे लोटायचा आणि खाली ओढायचा. मॅटीची छिद्रं मोठी असल्यामुळे एकेरी गाठ निसटून येते. दोन वेढे घ्यावे लागतात. हे आम्ही आधी करून बघितलं नव्हतं आणि पहिली पंधरा मिनिटं त्यातच गेली.

मग धावदोरा. मॅटीच्या चौकड्या मोजायच्या: दोन वर, दोन खाली. डोळ्याला मोजायला काहीतरी मिळालं की टाके एकसारखे पडतात. साध्या कापडावर सुरुवात केली असती तर मोजायला काहीच नसतं. पाऊण तासात सगळ्यांच्या चार ओळी झाल्या. पुढे उलटी टीप: एक टाका पुढे घ्यायचा, मागच्या टाक्याच्या टोकापर्यंत परत यायचं, मग सुई दुप्पट पुढे काढायची. बटव्याच्या शिवणीला हीच हवी. धावदोरा ओढला की चुण्या पडतात आणि एक धागा तुटला की सगळी शिवण उसवते.

बारांत दोन मुलं डावखुरी निघाली. पालकांच्या कागदामुळे हे आधी कळलं आणि डाव्या हाताच्या दोन कात्र्या आणता आल्या, १५० रुपयांना एक. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकतं आणि दोन पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात. कापड कापलं न जाता पात्यांमध्ये दुमडतं. अशा मुलाला शिकवताना शेजारी बसू नये, समोर बसावं. आपण उजव्या हाताने शिवतो ते त्याला आरशासारखं दिसतं आणि ते तसंच करतं. शेजारी बसलं की प्रत्येक हालचाल त्याला मनात उलटी करावी लागते.

मार्चमध्ये चार-पाच वाजता मुंबईत हाताला घाम येतोच. घामट बोटांत सुई चिकटते, सरकत नाही आणि दोन आठवड्यांत गंजतेही. दर अर्ध्या तासाने हात धुऊन पुसायचे आणि वर्ग संपला की सुया टाल्कम पावडर टाकलेल्या डबीत. पंख्याखाली दोरा आणि कागदी नमुने उडतात, म्हणून त्यांच्यावर ठेवायला काहीतरी जड हवं. आम्ही दोन जुनी वजनं नेली होती.

९ मार्च. बटवा. कृती नीट देते, कारण मुलांच्या मापात ती कुठे मिळत नाही.

७ इंच रुंद, १० इंच उंच दोन तुकडे. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून चार टाचण्या लावायच्या. दोन्ही बाजूंना वरून ३ इंचांवर खूण करायची. त्या खुणेपासून खाली, तळाने, पलीकडच्या खुणेपर्यंत अर्धा इंच माया (शिवणीबाहेरची कड) सोडून उलटी टीप घालायची. खुणेच्या वरच्या उघड्या कडा अर्धा इंच आत दुमडून धावदोऱ्याने बसवायच्या. मग वरची कड आधी पाव इंच, नंतर सव्वा इंच दुमडून खालच्या घडीवर शिवायची. हा नेफा. सुलटून घेतलं की ६ इंच रुंद, ८ इंच उंच बटवा तयार. प्रत्येकी २० इंचांच्या दोन नाड्या सेफ्टी पिनने ओवायच्या, एक डावीकडून सुरू करून पूर्ण फिरवून डावीकडेच बाहेर काढायची, दुसरी उजवीकडून. दोन्ही एकाच बाजूने ओवल्या तर तोंड नीट आवळत नाही.

माया मुलांना डोळ्याने कळत नाही. तुकड्याच्या उलट बाजूला पट्टीने पेन्सिलीची रेघ मारून द्यायची आणि त्या रेघेवरच शिवायला सांगायचं. सराव झालेल्या मुलाला एक इंच उलट्या टिपेला दोन ते तीन मिनिटं लागतात. बटव्याच्या शिवणीची लांबी सुमारे वीस इंच, म्हणजे पाऊण तास ते एक तास. त्यात नेफा धरला तर एका बैठकीत बटवा पुरा होत नाही. आम्हीही तो पुढच्या रविवारवर नेला. वेळापत्रक करताना हे आधीच धरावं. नाहीतर शेवटच्या वीस मिनिटांत घाई होते आणि घाईत पहिली जाते ती गाठ.

सर्वात जास्त वेळा झालेली चूक म्हणजे बटव्याखालचं कापडही सोबत शिवलं जाणं. मूल तुकडे मांडीवर ठेवून शिवतं आणि सुई तिसऱ्या थरात, कधी स्वतःच्या फ्रॉकमध्ये, जाते. एका मुलीचा बटवा फ्रॉकच्या घेराला दोन इंच शिवला गेला होता. उपाय साधा आहे: मांडीवर जाड पुठ्ठा द्यायचा. टाके उसवताना ओढायचे नाहीत. एक सोडून एक टाका कापायचा, मग दोरा उलट बाजूने अलगद निघतो आणि कापडाला भोक पडत नाही.

त्याच दिवशी, सव्वासहाला, सुया मोजल्या तर चौदाच भरल्या. दर वर्गाला पंधरा सुया मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या: बारा मुलांच्या, दोन आमच्या, एक राखीव. सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं, अनवाणी कोणी चालायचं नाही म्हटलं, सतरंजी कडेकडेने गुंडाळत आणली आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक जमिनीवरून फिरवलं. काही नाही. मग प्रत्येक बटवा हाताने न चाचपता ट्यूबलाइटसमोर धरून बघितला. सहाव्या बटव्यात, वरच्या अर्धवट घडीच्या आत, काळी बारीक रेघ दिसली. मुलाने ‘इथपर्यंत आलो’ म्हणून सुई खूण म्हणून तिथेच खोचून वरून घडी घातली होती. त्यानंतर प्रत्येकाला फेल्टचा २ इंची चौकोन दिला, त्यावर पेनाने नाव. सुई हातात नसेल तेव्हा ती त्या चौकोनातच. पुढच्या दोन्ही रविवारी मोजणी पंधरा आली.

शिवणाचं एक मशीनही होतं, घरगुती, हाताने फिरवायचं. त्याच्या तेलपाण्याला आणि नव्या बॉबिन केसला (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) ४५० रुपये लागले. ११ वर्षांवरच्या पाच मुलांनीच ते वापरलं, नेफा शिवायला. आधी दोरा न ओवता वहीच्या आखलेल्या कागदावर रेघेवरून भोकं पाडायची, दोन पानं. मग दोरा. मुलांसाठी हातमशीन मोटरच्या मशीनपेक्षा बरं, कारण हात थांबला की सुई थांबते. एक हात चाकावर अडकतो हा तोटा आहे, म्हणून पुष्कळ ठिकाणी एक मूल चाक फिरवतं आणि दुसरं कापड सरकवतं. आम्ही हे होऊ दिलं नाही. ज्याची बोटं सुईजवळ, त्याच्याच हातात चाक हवं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो, किंवा सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरलेली नसतात. चाक उलटं फिरलं तरी दोरा तुटतो.

१६ मार्च. धुळवड शुक्रवारी, १४ तारखेला झाली होती. रविवारीही मुलांच्या तळहातांवर गुलाबी-जांभळा रंग होता. मांजरपाटावर पानं शिवायचा बेत होता, तो आदल्या रात्रीच बदलला. पांढऱ्या कापडावर ते डाग कायमचे बसले असते. होळीनंतरच्या आठवड्यात गडद फेल्टचंच काम ठेवावं.

तोरणाची पानं फेल्टची. सोसायटीच्या आवारात आंबा आहे. आदल्या दिवशी मुलांना त्याखाली नेऊन पानं हातात दिली. नवी पालवी हिरवी नसते. ती तांबूस, जवळजवळ तपकिरी असते, आणि स्पर्शाला मऊ, लुळी. मुलांनी हिरव्याबरोबर विटकरी रंगाचे तावही मागितले आणि तोरण खरं दिसलं. खऱ्या पानाभोवती पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवून नमुना काढला, ६ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद. एका ए-फोर तावात अशी सहा पानं बसतात. एका पानाला दोन थर, मध्ये शिरेचा धावदोरा, कडेने काजटाका (कडेवर दोऱ्याचा वेढा घेत जाणारा टाका). एकेरी फेल्ट दोन दिवसांत लटकून वळतं, दुहेरी ताठ राहतं. काजटाका दर पाव इंचाला एक पुरे. जवळजवळ घातला तर कड लाटेसारखी होते.

प्रत्येक मुलाने तीन पानं केली, एकूण छत्तीस. ३ फुटी दाराला अकरा पानं, दोन पानांत दीड इंच अंतर, म्हणजे सव्वाचौतीस इंच होतात आणि दोन्ही बाजूंना सारखी जागा उरते. तीन विंगांच्या तीन दारांना तेहतीस पानं लागली, तीन राखीव. पानं दोरीवर नुसती ओवू नयेत, सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. प्रत्येक पानाच्या देठाशी दोरीतून दोन टाके मारून जागा पक्की करायची. ग्लू गन आम्ही आणली नाही. मुलांच्या हाताला भाजतं, आणि बाजारातलं बरंचसं फेल्ट कृत्रिम धाग्याचं असल्याने उष्णतेने वितळतं. त्याच कारणाने फेल्टवर गरम इस्त्रीही फिरवायची नाही.

त्या दिवशी उरलेला वेळ बटव्यांना गेला. नऊ पूर्ण झाले, तीन मुलांनी घरी नेऊन संपवले.

२३ मार्च, शेवटचा रविवार, छोटी गुढी. आदल्या संध्याकाळी आइस्क्रीमच्या रिकाम्या कपांत प्लास्टर ओतून त्यात १४ इंची बांबूच्या काड्या उभ्या केल्या. दोन वाट्या पूड, एक वाटी पाणी. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं आणि होताना गरम होतं, म्हणून हे मोठ्यांनीच करायचं. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतायचं नाही, नळी बुजते. आधी शाडूचा गोळा करून पाहिला होता, तो तिसऱ्या दिवशी तडकला.

वस्त्रासाठी खणाचे तीन तुकडे घेतले, १२० रुपयांना एक. खणाचे धागे फार सुटतात, आणि मुलाच्या हातात तर कड बघता बघता अर्धा इंच उसवते. म्हणून कापताना काठच खालची कड होईल असं बघायचं. काठाला दुमडायची गरज नसते. ८० सेंटिमीटरच्या खणातून दोन्ही काठांना मिळून ९ इंच बाय ८ इंचांचे सहा तुकडे निघतात. मग फक्त दोन बाजू उरतात. त्यांना कापायच्या आधी रेघेवर पाणी घातलेल्या फेविकॉलचं बोट फिरवून वाळू द्यायचं आणि त्या रेघेवर कापायचं. वरच्या कडेला अर्ध्या इंचावर धावदोरा घालून ओढला की चुण्या पडतात. त्या काडीला बांधून वर कलश. कलश म्हणजे औषधाच्या बाटलीचं झाकण, तांब्याच्या रंगाच्या चमकी कागदात गुंडाळलेलं. गाठीची माळ पांढऱ्या आणि केशरी मण्यांची. कडुनिंबाची खरी डहाळी दुसऱ्या दिवशी मान टाकते, म्हणून उरलेल्या फेल्टची कातरलेली पानं लावली. दोन तासांत बाराच्या बारा गुढ्या झाल्या. तीन आठवड्यांपूर्वी दोरा ओवता न येणारी मुलं दुसऱ्याच्या धावदोऱ्याकडे बघून ‘अरे, तुझा टाका लांब पडलाय’ असं सांगत होती, आणि बरोबर सांगत होती. ते ऐकताना फार बरं वाटलं.

३० मार्चला, पाडव्याच्या सकाळी, तिन्ही विंगांच्या दारांवर तोरणं लागली.

खर्च: साहित्य ३,१११ रुपये, हॉल २,००० रुपये, एकूण ५,१११. मुलामागे ४२६ पडले. आम्ही ४५० घेतले होते, उरलेले २८९ रुपये हिशोबाच्या कागदावर शिल्लक दाखवून पुढच्या वेळच्या दोऱ्यासाठी ठेवले. कात्र्या (सहा मिळून ५४० रुपये) आणि अंगुस्ताने, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोप्या, (१२० रुपये) पुन्हा वापरता येतात, त्यामुळे पुढचा खर्च कमी होईल. अंगुस्ताने मात्र मुलांच्या मापाची घ्यावीत. मोठी बोटातून गळतात आणि मुलं ती काढून ठेवतात.

हॉलची चावी २४ मार्चला परत केली, अनामत त्याच आठवड्यात मिळेल असं वाटलं होतं. पण ३१ मार्च म्हणजे वर्षअखेर, खजिनदार हिशोबात अडकलेले, चेकवर दोन सह्या लागतात. २, ९ आणि १५ एप्रिलला आठवण केली, शेवटच्या वेळी लेखी. चेक २१ एप्रिलला हातात आला. मार्चमध्ये हॉल घेणार असाल तर अनामत कोणत्या तारखेला परत मिळेल ते परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या.

आता पावसाळ्याआधी आवरून ठेवणं. मशीनला तेल घालून, एका चिंधीवर दहा-बारा टाके चालवून जादा तेल टिपून घ्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या पहिल्या कापडावर डाग पडतो. मशीनच्या सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय असतो, त्याखाली कापडाची घडी ठेवून तो खाली सोडायचा. लड्या झिपच्या पिशवीत, रंगानुसार वेगळ्या, कारण लाल रंग ओल्या हवेतही शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. सुया पावडरच्या डबीत, झाकणावर चिठ्ठी: १५.